सोलापूरच्या अंगणातील पाने पुन्हा पुन्हा पिवळी का पडतात: कारण ओळखणे आणि उपाय

सोलापुरात घराभोवती चार झाडे लावणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार पाने पिवळी पडण्याची असते. जास्वंद, मोगरा, गुलाब, लिंबू, सोनचाफा, अनंत ही झाडे रोपवाटिकेतून आणताना हिरवीगार असतात, पहिला पावसाळा बरा जातो आणि वर्ष-दीड वर्षात शेंड्याकडची पाने फिकट होऊ लागतात. मग कोणी युरिया टाकते, कोणी डीएपीचे दाणे, कोणी शेणखताची पाटी; झाड थोडे दिवस तरतरीत दिसते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी अशा भागांत, जेथे झाडांची भिस्त बहुधा बोअरच्या पाण्यावर असते, तेथे हा प्रकार विशेष आढळतो. यांपैकी बहुतेक झाडे उपाशी नसतातच. मातीतल्या आणि पाण्यातल्या चुन्यामुळे त्यांना समोरचे अन्न उचलता येत नाही, आणि आपण मात्र ताटात वाढतच राहतो. म्हणून खताच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी पिवळेपणाचा प्रकार ओळखणे आवश्यक आहे.

पिवळेपणा कोठून सुरू झाला?

झाडासमोर उभे राहून पहिल्यांदा एवढेच पाहावे की पिवळी पाने शेंड्याची आहेत की बुडख्याकडची. नत्र झाडाच्या अंगात फिरते असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला पुरवते. त्यामुळे नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पाने आधी आणि शिरांसकट सारखी पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह झाडाला सहसा परत काढून घेता येत नाही, म्हणून तुटवडा पडला की फटका नव्या कोवळ्या पानांना बसतो. जुनी पाने हिरवी, शेंडा पिवळा, आणि पिवळ्या पानातल्या शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण होय.

मागे शेजारच्या काकू जास्वंदीची एक डहाळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, खत तर महिन्याच्या महिन्याला घालते, तरी हे असं!" त्या डहाळीवर सारी कहाणी क्रमाने लिहिलेली होती. तळाची पाने गडद हिरवी होती, त्यांच्या वरच्या पानांत शिरांचे हिरवे जाळे आणि मधला भाग पोपटी-पिवळा होता, त्यावरची पाने लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती, आणि अगदी टोकाची दोन पाने जवळजवळ पांढरी होऊन त्यांच्या कडा करपल्या होत्या. अशी डहाळी हाती आली की युरियाचा विचार तेथेच सोडून द्यावा. नत्र मिळाल्याने नवी पालवी जोमाने फुटते, तिला लोह आणखी जास्त लागते, आणि पिवळेपणा वाढतो. डीएपीत नत्राबरोबर स्फुरदही असते, त्यामुळे तर दुहेरी नुकसान होते, कारण मातीत साचलेले जादा स्फुरद लोह आणि जस्त या दोहोंच्या वाटेत येते.

मात्र पिवळे दिसले की लोहच, असेही समजू नये. मार्च ते मे या कोरड्या, तापलेल्या दिवसांत पानांवर बारीक पिवळसर ठिपक्यांची रांगोळी दिसली आणि पान एकूण धुरकट वाटले, तर ते उलटून पाहावे. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर तो लाल कोळी आहे. त्याच्यासाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांच्या अंतराने मारणे हा सर्वांत स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे. त्याने भागले नाही, तर ऊन उतरल्यावर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. पाण्यात विरघळणारे गंधकही कोळ्यावर चालते, परंतु तापमान ३२–३५ अंशांच्या वर असताना त्याने पाने भाजतात, आणि सोलापुरात मार्चपासून दुपारी याहून कमी तापमान क्वचितच असते. तेव्हा उन्हाळ्यात गंधकाची फवारणी नको. जास्वंदीच्या शेंड्यात पांढरा पिठासारखा थर आणि चुरगळलेली पाने दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. तेवढे शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत.

उरला जास्त पाण्याचा पिवळेपणा, आणि तो ओळखताना काळी माती हमखास फसवते. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. वरचा थर भेगाळलेला दिसला की आपण पाणी ओततो, पण बोटभर खाली माती अजून गार आणि चिकट असते. म्हणून बोट किंवा लाकडी काडी दोन-तीन इंच आत घालून पाहावी. काडीला माती चिकटून आली, तर पाणी देऊ नये. पाने पिवळी, मलूल आणि माती ओली, असे एकत्र दिसले तर मुळे गुदमरत आहेत असे समजावे. कुंडीतले झाड असेल, तर तळाचे छिद्र स्लॅबला चिकटून बंद झाले आहे का, हे कुंडी तिरपी करून पाहिले तरी अर्धे उत्तर मिळते.

चुना कोठून येतो?

सोलापूरची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. हा खडक लोहयुक्त आहे, त्यामुळे येथील मातीत लोहाची वानवा नाही. अडचण सामूची, म्हणजे पीएचची आहे; हा आकडा सातच्या जितका वर, तितकी माती अधिक अल्कधर्मी. येथील काळ्या जमिनींचा सामू साधारणपणे साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, आणि सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारे फेरिक लोह सुमारे हजार पटींनी घटते. मातीत हात घातला की लागणारे पांढरे खडे, म्हणजे चुनखडी, सामूला खाली येऊच देत नाहीत. त्यात पाणी साचले की कोंडलेला कर्बवायू चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो, आणि बायकार्बोनेट लोहाचे शोषण आणखी रोखते. सप्टेंबर हा सोलापूरचा सर्वाधिक पावसाचा महिना. त्यानंतर ऑक्टोबरात, भरपूर पाऊस होऊनही, झाडे एकाएकी पिवळी का पडतात, याचे उत्तर येथे आहे.

चुना आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत धावण्याआधी स्वयंपाकघरातला व्हिनेगर पुरतो. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर थोडा व्हिनेगर टाकावा आणि बशी कानाजवळ न्यावी. बुडबुडे दिसले किंवा बारीक चुरचुर ऐकू आली, तर मातीत मुक्त चुना आहे. ही परीक्षा भिंतीलगतच्या वाफ्याची स्वतंत्रपणे करावी. नव्या बांधकामाच्या कडेने दोन-तीन फूट पट्ट्यात सिमेंट, गिलावा आणि विटांचा चुरा पुरलेला असतो, आणि मोगरा नेमका तेथेच लावलेला असतो! 'लाल माती' म्हणून ट्रॉलीने येणारा माल पुष्कळदा नुसता लाल मुरूम असतो. ट्रॉली रिकामी होण्याआधी त्याच्यावरही चार थेंब टाकून पाहावेत. विकणारा हसेल, हसू द्यावे.

दुसरा चुना नळीतून येतो. बोअरचे पाणी जड किंवा मचूळ असेल, तर कुंडीच्या बाहेरच्या अंगाला आणि मातीच्या वरच्या थरावर पांढरी पुटे चढतात. रोज थोडे थोडे असे पाणी घातल्याने चांगल्या मातीचा सामूही वर्षभरात वर सरकतो; कोकोपीट घालून नीट भरलेली कुंडी दुसऱ्या वर्षी का बिघडते, याचे हेच कारण असते. घरात आरओसोबत आलेला छोटा टीडीएस मीटर असेल, तर बोअरचे पाणी मोजावे. साडेचारशेच्या आत आकडा असल्यास क्षारांची काळजी नाही, दोन हजारांच्या पुढे असल्यास ते पाणी नाजूक झाडांना देऊच नये, आणि मधल्या पट्ट्यात अधूनमधून निचरा करून क्षार धुऊन काढावे लागतात. हा मीटर एकूण क्षार सांगतो, त्यातला चुना किती हे सांगत नाही. ते पांढऱ्या पुटांवरून ओळखावे.

या संदर्भात पाणी वाचवण्याच्या चांगल्या सवयींपैकी तीन सवयी झाडांच्या मुळावर उठतात. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते. घरात बोअर असेल, तर ते फरशी पुसायला वापरावे, कुंडीत नको. मिठाने धुतला जाणारा सॉफ्टनर चुना काढतो खरा, पण त्याच्या जागी सोडियम सोडतो, आणि सोडियमने काळी माती चोपण होते, म्हणजे निचरा संपून दगडासारखी घट्ट बसते. तिसरे पाणी कूलरचे. सोलापुरी उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, पाणी उडून जाते आणि क्षार टाकीत मागे राहतात. आठवड्याच्या शेवटी टाकी धुताना निघणारे ते गढूळ पाणी सरसकट तुळशीला आणि मोगऱ्याला ओतले जाते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते आणि अनंतासारख्या नखरेल झाडाला ते अवश्य द्यावे.

उजनी धरणातून येणारे नळाचे पाणी काही दिवसांआड येत असले, तरी बोअरच्या मानाने ते बहुधा सौम्य असते. म्हणून नळाच्या पाण्याचा एक पिंप चुन्याला नाजूक असलेल्या झाडांसाठी राखून ठेवावा आणि बोअरचे पाणी बोगनवेल, कण्हेर, शेवगा यांना द्यावे, ही वाटणी सोयीची पडते. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली एखादे झाकणाचे पिंप ठेवता आले, तर त्याहून चांगले पाणी दुसरे नाही. फक्त झाकण घट्ट हवे, नाही तर डास होतात.

खात्री आणि तातडीचा उपाय

लोहाच्या कमतरतेचा संशय आला की सगळ्या झाडावर प्रयोग न करता एकच फांदी निवडावी आणि तिच्यावर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी करावी. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवावे आणि मग ५ ग्रॅम हिराकस टाकावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जड पाण्यात हिराकस थेट टाकली की लोह काही वेळात गंजून तळाशी बसते. द्रावण फिकट हिरवट आणि स्वच्छ राहिले तर ते कामाचे. विटकरी, गढूळ झाले तर फेकून द्यावे. दुकानातून घेतानाही खडे फिकट हिरवे पाहून घ्यावेत; पिवळट-तपकिरी भुकटी झालेली हिराकस निम्मी वाया गेलेली असते. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना करावी. शहाबादी फरशीवर पडलेल्या थेंबांचे गंजके डाग जाता जात नाहीत, तेव्हा झाडाखाली जुने पोते अंथरावे आणि अंगावर नवा सदरा नसावा.

आठवडाभरात त्या फांदीची नवी पाने हिरवी झाली, किंवा पिवळ्या पानांवर जेथे थेंब बसले तेथे हिरवे ठिपके उमटले, तर निदान पक्के झाले. मग संपूर्ण झाडावर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. जी पाने पांढरी पडून करपली आहेत, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. गुण आला की नाही हे नव्या पालवीवरून ठरवावे. लिंबाच्या झाडाची पाने पिवळी होण्याबरोबर लहान आणि अरुंदही होत असतील, तर जस्तही कमी आहे, आणि अशा वेळी सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण अधिक सोयीचे पडते. कृषी सेवा केंद्रात ग्रेड-२ मागावे, ते फवारणीसाठी असते. ग्रेड-१ जमिनीतून द्यायचे असते, आणि घाईत पाकिटे बदलतात.

फवारणी हा तात्पुरता आधार आहे. तिचा परिणाम त्या बहरापुरता टिकतो, कारण मुळांशी असलेली अडचण जागच्या जागी असते. जमिनीतून लोह द्यायचे झाल्यास नुसती हिराकस मातीवर टाकण्यात अर्थ नाही. चुन्याच्या मातीत ती थोड्याच वेळात निरुपयोगी होते. त्याऐवजी चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले आणि मातीत विद्राव्य राहणारे लोह घ्यावे, आणि येथे दुकानदाराकडून हमखास घोळ होतो. ईडीटीए चिलेट स्वस्त आणि सहज मिळणारे असले, तरी सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीत लोह धरून ठेवू शकत नाही. ते फवारणीला ठीक आहे. आपल्या मातीत ईडीडीएचए हेच चिलेट टिकते. ते गडद लालसर-तपकिरी असते, पाण्यात टाकताच पाणी लालेलाल होते, आणि त्यात लोहाचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास असते, तर ईडीटीएत १२ टक्के. तेव्हा पाकिटावरचा मोठा आकडा पाहून निवड करू नये. मोठ्या कुंडीला एक-दोन ग्रॅम, जमिनीतल्या झुडपाला पाच ग्रॅमच्या आसपास पाण्यात विरघळवून मुळांजवळ ओतावे आणि वर माती ओढावी, कारण उन्हाच्या उजेडाने ते बिघडते. नव्या पालवीचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या सुरुवातीस आणि पुन्हा फेब्रुवारीत, एवढे पुरेसे होते.

सबंध वाफा आम्लधर्मी करण्याचा नाद सोडावा

गंधक टाकून मातीचा सामू कायमचा खाली आणता येईल, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच खोल वाफ्यात साधारण १,७०० किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुना धरला तर तो ८५ किलो होतो, आणि एवढा चुना मारायला सुमारे २७ किलो गंधक लागेल. इतके करूनही खालच्या थरातला चुना आणि बोअरचे पाणी आहेच. म्हणून सबंध वाफ्याच्या मागे न लागता झाडाच्या घेराखाली वीतभर खोल चर काढून, कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात मूठभर गंधक आणि थोडी हिराकस मिसळून तो चर भरावा. तेवढ्या पट्ट्यात मुळांना सुसह्य जागा मिळते आणि सेंद्रिय पदार्थांमुळे लोह काही काळ धरले जाते. गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ओल व काही आठवडे लागतात. उन्हाळ्यात कोरड्या मातीत टाकलेले गंधक तसेच पडून राहते.

मोबाइलवर फिरणाऱ्या युक्त्यांपैकी काही आपल्या मातीत उलट्या पडतात. अंड्याची टरफले, चुलीची राख, पानाच्या डबीतला चुना हे कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीत उपयोगी ठरत असेल. चुन्याने आधीच भरलेल्या जमिनीत चुना घालण्याचे प्रयोजन नाही. एप्सम सॉल्टचाही असाच बोलबाला आहे, परंतु त्यातले मॅग्नेशियम बेसाल्टच्या मातीत सहसा कमी नसते.

कुंडीची गोष्ट सोपी आहे, कारण तेथे माती आपल्या हाती असते. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. ती सुकून कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. व्हिनेगरला न चुरचुरणारी पोयटा माती, चांगले कुजलेले खत आणि कोकोपीट किंवा विटांचा जाडसर चुरा समभाग घ्यावा. महिन्यातून एकदा नळाचे किंवा पावसाचे पाणी कुंडीच्या आकाराच्या दुप्पट, हळूहळू, तळातून वाहून जाईपर्यंत ओतले की साचलेले क्षार निघून जातात. कुंडीखालच्या थाळीत जमलेले पाणी त्याच वेळी टाकून द्यावे, नाही तर तेच क्षार पुन्हा वर चढतात.

रोपवाटिकेतले रोप लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येते. हा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, तर मुळे गोळ्याबाहेर पडायला कचरतात आणि गोळा एक तर कोरडाठाक नाही तर चिंब राहतो. लावताना गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने सैल करावी, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातले बांधकामाचे तुकडे वेचून काढावेत, आणि जागा खोलगट असेल तर जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावावे.

तीन-चार हंगाम हे सारे करूनही सोनचाफा किंवा अनंत पिवळाच राहत असेल, तर त्याला अर्ध्या पिंपात, पावसाच्या पाण्यावर वाढवावे आणि अंगणातली जागा चुना सोसणाऱ्या झाडाला द्यावी. डाळिंब हे त्यातले पहिले नाव. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हलक्या, चुनखडीच्या जमिनीत हे झाड निभावते हे शेतकऱ्यांना केव्हाच ठाऊक होते. सीताफळ, बोर, कण्हेर, बोगनवेल, अडुळसा, कोरफड हीही तशीच सोशिक. फुलझाडांत सुगंध हवाच असेल, तर पारिजातक लावावा. पाणी साचू दिले नाही, तर तो येथे चांगला वाढतो.

मोठ्या अंगणात पाच-सहा झाडे एकदम लावायची असतील, तर आधी माती परीक्षण करून घेणे स्वस्त पडते. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून द्यावी. भिंतीलगतचा नमुना वेगळा ठेवावा. अर्जावर नुसते नत्र, स्फुरद, पालाश न लिहिता सामू, विद्युत वाहकता, मुक्त चुना आणि उपलब्ध लोह व जस्त यांची तपासणी मागावी, आणि सोबत बोअरच्या पाण्याची एक स्वच्छ बाटलीही द्यावी.